संप्रदानाची विभक्ती : आदिवासी बालकांविषयीच्या सेवा-वाङ्मयाची भाषा

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाई हे हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. मिरचीच्या हंगामात तोडणीसाठी बाहेरून मजूर कुटुंबे येतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका हंगामात तेथे झालेल्या लहानशा समारंभास प्रस्तुत लेखक उपस्थित होता. खानदेशाकडून आलेल्या काही भिल्ल कुटुंबांतील मुलांना एका सेवाभावी संस्थेने वह्या, अंकलिपी व खाऊची पाकिटे दिली. फलकावर लिहिले होते, ‘आदिवासी विद्यार्थ्यांना शैक्षणिक साहित्य वाटप’. पाहुण्यांनी अंकलिपी उघडून एका मुलीस चित्र दाखविले व हे काय, असे विचारले. ते अननसाचे चित्र होते. मराठी मुलाची अक्षरओळख अननसापासून का व्हावी, हे कोडे मला अद्याप उलगडलेले नाही; मिरचीच्या त्या गावात अननस कोणी पिकविलेला नाही. मुलीने चित्राकडे पाहून आपल्या बोलीतला एक शब्द उच्चारला. पाहुणे म्हणाले, “नाही, अननस.” टाळ्या झाल्या व त्या टाळ्यांत तो शब्द बुडाला.

येथे संस्थेच्या हेतूविषयी शंका घ्यावयाची नाही. वह्या चांगल्या होत्या व मुलांना त्या हव्या होत्या. माझा प्रश्न फलकावरील वाक्याविषयी आहे. त्यात कर्ता नाही; वाटप आहे, साहित्य आहे आणि ‘विद्यार्थ्यांना’ ही चतुर्थी आहे. आपल्याकडील सेवाकार्याचे अहवाल, आवाहने आणि स्मरणिका वाचीत गेल्यास याच घाटाची वाक्ये पुनःपुन्हा आढळतात. देण्याच्या क्रियेतील कर्म ज्याच्याकडे वळते, त्यास पाणिनीने संप्रदान म्हटले. या वाङ्मयात आदिवासी मूल जवळजवळ नेहमीच संप्रदान असते. त्याला आहार, लस, प्रकाश आणि अक्षर ‘दिले’ जाते.

तथापि मराठीची चतुर्थी एवढ्यावर संपत नाही. ‘मुलीला वही दिली’ आणि ‘मुलीला वाचता येते’ या दोन वाक्यांतील प्रत्यय एकच असला, तरी दुसऱ्या वाक्यात मुलगी काही घेत नाही. तेथे तिच्या ठायी असलेली शक्ती सांगितली आहे. ‘तिला भूक लागली’, ‘तिला आठवते’, ‘तिला कळते’ ही सर्व वाक्ये याच जातीची आहेत. भूक, स्मृती, ज्ञान व सामर्थ्य ज्याच्या ठिकाणी वसते, त्याला मराठी भाषा चतुर्थीतच बसविते. म्हणून सेवा-वाङ्मयाचे परीक्षण करताना मी एकच साधी कसोटी लावून पाहतो : यातील ‘ला’ आणि ‘ना’ दानाचे किती, आणि अनुभवाचे किती?

या कसोटीस उत्तम रीतीने उतरणारे कार्य म्हणून ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या कार्याकडे पाहावे. १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले व पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या पाड्यावर, अंगणात गेली. मुले गुरे राखावयास जातात, म्हणून शाळा कुरणावर गेली. ‘अंगणवाडी’ आणि ‘कुरणशाळा’ हे दोन शब्द त्यातून रूढ झाले. मराठीतील आधुनिक पारिभाषिक शब्दांत इतके प्रामाणिक शब्द थोडेच असतील. दोहोंतही पूर्वपद मुलाचे आहे व उत्तरपद संस्थेचे. मुलाला अंगण आहे, त्याला काम आहे, त्याला धाकटी भावंडे सांभाळावी लागतात, हे आधी मान्य केल्यावाचून हे समास घडलेच नसते. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे अनुताईंचे आत्मकथन शैलीच्या दृष्टीने साधे आहे. त्याचे मोल त्यातील उपमांवरून ठरवू नये, या शब्दांमागील निरीक्षणावरून ठरवावे.

पुढे या शब्दाचे काय झाले? १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांस ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. शब्द देशभर गेला, परंतु त्याच्या अर्थाची दिशा मात्र उलटली. आज ‘मूल अंगणवाडीत जाते’ असे आपण सहज म्हणतो. मूळ कल्पनेत जाणारी होती ती वाडी. मूल आपल्या जागीच होते. योजनेचे उपकार मोठे आहेत व ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु अर्थान्तराच्या अभ्यासकाने या उदाहरणाची नोंद घ्यावयास हवी.

कोसबाडच्या उदाहरणात एक प्रश्न झाकलेला राहतो, तो भाषेचा. वारली बोली मराठीस जवळची आहे. त्यामुळे अंगणातून पुस्तकाकडे जाताना मुलास करावी लागणारी उडी शिक्षकाला फार मोठी दिसत नाही. मेळघाटात व भामरागडात ही सोय नाही. कोरकू ही मुंडा कुलातील भाषा आहे आणि माडिया ही गोंडीच्या परिवारातील, म्हणजे द्राविडी. यांपैकी कोणतीही भाषा घरी बोलणाऱ्या मुलास मराठी अंकलिपी देणे म्हणजे त्यास एकाच वेळी लिपी आणि परभाषा शिकविणे होय. या दुहेरी ओझ्याखाली मूल अडखळले की अहवालात ‘गळती’ हा शब्द येतो. (गळती मडक्याला लागते, मुलाचा येथे दोष काय?) प्रकाश आमटे यांच्या ‘प्रकाशवाटा’ या पुस्तकाचे महत्त्व मला या संदर्भात वाटते. १९७३ मध्ये हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाल्यावर डॉक्टरांनाच आधी माडिया शिकावी लागली. भाषेवाचून रोग्याचे दुखणे कळत नाही, ही गोष्ट वैद्यकाला जितक्या लवकर पटते, तितक्या लवकर ती शिक्षणखात्याला पटत नाही.

आरोग्याच्या क्षेत्रात गडचिरोली येथील डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या लेखनाचा विचार टाळता येणार नाही. ‘कोवळी पानगळ’ हे त्यांच्या पुढाकाराने सिद्ध झालेल्या बालमृत्यूविषयक अहवालाचे नाव. सरकारी नोंदींत येतात त्याहून प्रत्यक्षात होणारे बालमृत्यू कितीतरी अधिक आहेत, हे त्याने महाराष्ट्रापुढे मांडले. या शीर्षकावर मी बराच काळ अडलो आहे. पानगळ हा ऋतुधर्म आहे. तिला कोणी जबाबदार नसते, आणि म्हणून मृत्यूसाठी ही प्रतिमा धोक्याची आहे. परंतु ‘कोवळी’ हे विशेषण तिला लावताच ऋतुधर्म मोडतो. कोवळे पान आपणहून गळत नाही. ज्यांनी हे नाव मथळ्यांतून वारंवार वापरले, त्यांच्या लेखी मात्र विशेषण हळूहळू शोभेचे झाले व पानगळ तेवढी उरली. जणू दर पावसाळ्यात ती यावयाचीच.

त्यांच्या प्रत्यक्ष कार्याची भाषा या शीर्षकाहूनही अधिक बोलकी आहे. निरक्षर दाईला अर्भकाचे श्वास मोजता यावेत म्हणून मणी व वाळूचे घड्याळ यांचे साधन त्यांनी तयार केले. गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघर नवजात बालकांची काळजी घेण्याचा त्यांचा प्रयोग १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी उतरल्याचे दिसले. ‘दाईला श्वास मोजता येतो’ : माझ्या कसोटीसाठी याहून चांगले वाक्य सापडणे कठीण. ग्रामीण मराठीत तान्ह्या मुलाच्या छातीच्या दुखण्यास ‘डबा’ म्हणतात. तो शब्द ऐकून जो न्यूमोनिया समजतो, त्याला आईकडून निदान मिळते. जो त्यास अडाणीपणा समजतो, त्याला मिळत नाही. राणी बंग यांच्या एका पुस्तकाचे नावच ‘कानोसा’ आहे.

चतुर्थीपलीकडे तृतीयाही आहे : ‘मुलांनी’, ‘ग्रामसभेने’. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तिच्यासमोर शासकीय मान्यतेचा प्रश्न उभा राहिला. शक्य तेथवर शिक्षण मातृभाषेतून असावे, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. दान घेणारे पुष्कळ आहेत तोवर व्यवस्थेला अडचण नसते. तेच लोक कर्ते झाले की कागदपत्रे मागितली जातात. सेवा-वाङ्मयाने या कर्त्यांचे वर्णन अद्याप पुरेसे केलेले नाही. त्याच्याजवळ त्यासाठी वाक्यरचनाच नाही, असे मला वाटते.

पिंपळगावच्या त्या समारंभानंतर लाभार्थींची यादी तयार करण्याचे काम, मी प्राध्यापक म्हणून, माझ्याकडे आले. नाव, वय, इयत्ता, अंगठा अथवा सही असे रकाने होते. मातृभाषेचा रकाना नव्हता. मी प्रत्येक मुलास विचारून ती कागदाच्या मागील बाजूस लिहून दिली. पुढे टंकलिखित यादी माझ्याकडे आली, ती एकाच बाजूची होती.