भूक, संयम आणि प्रणय : शूर्पणखा व व्हॅम्पायर नायक

नाशिक या नावाची एक लोकप्रिय व्युत्पत्ती ‘नासिका’ या शब्दाशी जोडली जाते आणि ती पंचवटीतील शूर्पणखेच्या विटंबनेचे स्मरण देते. प्रणयकादंबरीतील व्हॅम्पायर नायकाच्या आकर्षणाची चर्चा करताना या कथेकडे सहसा कोणी वळत नाही. वस्तुतः वाल्मीकिरामायणाच्या अरण्यकांडात शूर्पणखा रामाकडे प्रणययाचना करते आणि त्याच भाषणात सीता व लक्ष्मण यांना भक्षण करण्याचीही तयारी दर्शविते. वासना आणि भूक यांचे हे एकत्व हाच व्हॅम्पायरकथेचा गाभा होय.

ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’त (१८९७) हे एकत्व भयावहच राहते. मराठीत नारायण धारप यांच्या ‘लुचाई’तही रक्तपिपासू येतो तो भयासाठीच. स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’मध्ये (२००५) मात्र त्याचा प्रियकर होतो. एडवर्डला जिच्या रक्ताचा सर्वाधिक मोह पडतो, त्याच बेलावर त्याचे प्रेम जडते आणि तो प्राण्यांच्या रक्तावर निर्वाह करतो. म्हणजे वाचकाला दातांपेक्षा आवरून धरलेल्या दातांचे आकर्षण वाटते. या संयमाच्या मोहिनीत, झोपलेल्या मुलीच्या खोलीत तिच्या नकळत शिरणारा हा नायक खटकेनासा होतो, ही बाब गंभीर आहे.

हा निकष केवळ लिंगाधारित आहे, असे म्हणता येत नाही. महाभारतातील हिडिंबा पांडवांना मारून आणण्यासाठी भावाने पाठविलेली राक्षसी. भीमाला पाहताच ती भक्ष्याचा विचार सोडते, सुंदर रूप धारण करते आणि कुंती-युधिष्ठिरांच्या अनुमतीने त्याची पत्नी होते. एडवर्डची खरी पूर्वज शोधायची तर ती हिडिंबाच. तथापि मोबदल्यात फरक आहे. एडवर्डला संयमाच्या बदल्यात चिरंतन सहवास लाभतो. हिडिंबेला तो पुत्रजन्मापर्यंतच मिळतो.

‘ब्रेकिंग डॉन’मध्ये (२००८) बेला स्वतः व्हॅम्पायर होते, तीही विवाह आणि अपत्यजन्म झाल्यानंतर, आणि नवजात व्हॅम्पायरांत दुर्मीळ असा संयम तिच्या ठायी आरंभापासूनच असतो. स्त्रीच्या भुकेला प्रणयकथेत प्रवेश मिळतो तो इतक्या अटींवर. शूर्पणखा यांपैकी एकही अट पाळत नाही. राम-लक्ष्मण थट्टेने तिला एकमेकांकडे पाठवितात, ती थट्टा तिला कळत नाही. ती सीतेवर धावते आणि नाक-कान गमावून, रक्तबंबाळ अवस्थेत जनस्थानी खराकडे परतते.