संमती म्हणजे सहभाग नव्हे

‘लोकसहभाग’ या शब्दाला आज कुणाचाच विरोध नाही. बिल्डर तो वापरतो, महापालिका वापरते, आपणही वापरतो. असा सर्वांना चालणारा शब्द जरा संशयाने पाहावा, ही आमच्या विषयातली जुनी खोड.

या संदर्भात बोस्टनमधल्या डडली स्ट्रीटचं उदाहरण नेहमी दिलं जातं. कृष्णवर्णीय, लॅटिनो, केप व्हर्डहून आलेले, अशा गरिबांची ही वस्ती. घरं जळाली, पाडली गेली, मोकळ्या भूखंडांवर बाहेरचे लोक कचरा आणून टाकू लागले. 1984च्या सुमारास एका धर्मादाय निधीच्या पुढाकाराने सुधारणेची योजना पुढे आली. नियोजित मंडळात रहिवाशांना मोजक्याच जागा होत्या. लोकांनी भर सभेत हरकत घेतली आणि मंडळाची रचना बदलून रहिवाशांचं बहुमत झालं.

गोष्ट बहुधा इथेच थांबवतात: लोक एकत्र आले आणि वस्ती सुधारली. माझा आक्षेप या थांबण्याला आहे. खरी घटना 1988ची. त्या साली वस्तीतल्या ओसाड जमिनी सक्तीने संपादन करण्याचा अधिकार या रहिवाशांच्या संघटनेला मिळाला. संपादित जमीन त्यांनी सामाईक न्यासाकडे ठेवली. घर कुटुंबाचं, जमीन 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने, आणि घर विकताना किमतीवर मर्यादा. म्हणजे बघा, तिथे लोकांचं मत नुसतं विचारलं नाही, जमीन त्यांच्या हाती आली.

आता गिरगाव-लालबागकडे या. उपकरप्राप्त चाळीच्या पुनर्विकासाला 51 टक्के रहिवाशांची संमती लागते. पण ती कशाला? बहुतेक वेळा आधीच तयार असलेल्या आराखड्याला. शेरी अर्नस्टाईन यांनी 1969 साली सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात नुसती विचारणा चौथ्या पायरीवर आहे, लोकांचं नियंत्रण सर्वांत वर. आपण चौथ्या पायरीवर बसून शिखर गाठल्याचे पेढे वाटतो.

मात्र डडलीचा कित्ता इथे जसाच्या तसा गिरवता येणार नाही, हेही मान्य केलं पाहिजे. तिथले भूखंड रिकामे होते. चाळीत खोलीखोलीत माणूस आहे. आणि ज्याने दहा बाय बाराच्या खोलीत जन्म काढला, त्याला ‘नवं घर बाजारभावाने विकू नकोस’ असं सांगण्याचा मला काय अधिकार? मी प्राध्यापकाच्या निवृत्तिवेतनावर सुखात राहतो.

अधिकार कुणाला असेल तर त्याच्या शेजाऱ्यांना, आणि त्या शेजाऱ्यांत तो स्वतःही बसलेला असताना. पुढची पिढी इथे परवडून राहावी की आपल्याला एकदाच चार पैसे मिळावेत, हा प्रश्न चाळीने चाळीतच, आराखडा कागदावर उतरण्यापूर्वी सोडवायचा आहे. उत्तर मला न आवडणारं आलं तरी ते त्यांचं असेल. आज मात्र हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवलाच जात नाही. त्यांच्यापुढे येतो तो फक्त सहीचा कागद.