अंगठा आत, टाच बाहेर

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडूला पायाने फारसं कोणी विचारत नाही, हे कळायला मला एडिसनला भाच्याच्या घरी एक अख्खा रविवार लागला. टीव्हीवर एकाने सोललेल्या नारळासारखा तो चेंडू लांबवर फेकला, दुसऱ्याने बाजूच्या रेषेपाशी उडी मारून झेलला, आणि मी टाळ्या पिटल्या. भाचा म्हणाला, "थांब मामा, आधी पाय बघू दे."

झेल हातांनी घ्यायचा आणि तपासायचे पाय! पूर्वी मुलगी बघायला गेलेली मंडळी चेहरा पाहून झाल्यावर "जरा चालून दाखव" म्हणत, त्यातलाच हा प्रकार. माझे प्रश्न संपेनात तेव्हा भाच्याने वैतागून नियमपुस्तकच हातात ठेवलं. त्याला वाटलं, मी झोपेन. पण वीस वर्षं बँकेत परिपत्रकं वाचलेल्या माणसाला नियमपुस्तक म्हणजे कादंबरी. दोन रात्रींत झेलाचं प्रकरण वाचून काढलं. तेव्हा हे परीक्षण.

एनएफएल, म्हणजे तिथल्या व्यावसायिक संघांची संघटना, म्हणते की चेंडू हातात पक्का असताना झेलणाऱ्याचे दोन्ही पाय मैदानात टेकले पाहिजेत. कॉलेजच्या सामन्यांत एक पाय पुरतो. म्हणजे कॉलेजात जो पास, तोच नोकरीत नापास. आम्हा बी.कॉम. मंडळींना यात नवल नाही. पायांऐवजी गुडघा, कोपर किंवा बैठक टेकली तरी चालते, हात मात्र चालत नाही. टेनिसमध्ये रेषा आपली असते. इथे रेषेला बूट लागला की माणूस बाहेर. चेंडू रेषेपलीकडे हवेत असला तरी हरकत नाही, पाय आत हवेत. उलट चेंडू मैदानावर आणि बूट रेषेवर, की झेल फुकट.

या प्रकरणातला माझा सगळ्यात आवडता परिच्छेद चवड्याचा. झेलणाऱ्याने चवडा आत टेकवला आणि त्याच पावलात टाच बाहेर पडली, तर तो पाय बाहेरचा. पण टाच न टेकता नुसता चवडा गवतावरून फरफटत नेला, तर आतला. हसू नका. 1 फेब्रुवारी 2009 ला टॅम्पा इथे सुपर बोलमध्ये सँटोनिओ होम्सने कोपऱ्यात अंग बाहेर झोकून झेल घेतला, तेव्हा दोन्ही बुटांची टोकं तेवढी आत होती. पस्तीस सेकंद उरले होते. पिट्सबर्गने ॲरिझोनाला 27-23 ने हरवलं ते त्या दहा बोटांवर. हे वाक्य लिहिणाऱ्या अज्ञात कारकुनाला मी मनोमन नमस्कार केला. कारण ते तपासता येतं. चित्रफीत हळू फिरवा, टाच बघा, निकाल द्या. कोणाचं मन बघायला नको.

आता धक्क्याकडे येतो. हवेतल्या झेलणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याने ढकललं आणि तो बाहेर पडला, तर काय? 2008 पर्यंत पंच विचार करीत, की धक्का नसता तर गडी आत पडला असता का? वाटलं तर झेल देत. त्या वर्षी हे कलम काढून टाकलं. भाच्याला हा अन्याय वाटतो. मला नाही. पाय कुठे पडला ते कॅमेरा दाखवतो. कुठे पडला असता, ते ब्रह्मदेवालाही दाखवता यायचं नाही. "वाटेत पाकीट मारलं नसतं तर आज पैसे भरले असते हो" असं म्हणणाऱ्या गृहस्थाचा चेक मी कसा पास करू? वाईट वाटतं, पण खात्यात जे आहे तेच आहे.

इथवर पुस्तक चोख. पण पुढे लेखकाचा हात ढिला पडला. झेलण्याआधी धावताना गडी आपणहून रेषेबाहेर गेला, तर परत येऊन चेंडूला पहिला हात लावायची त्याला बंदी. प्रतिस्पर्ध्याने नियम मोडून ढकलल्यामुळे गेला असेल, तर लगेच आत यावं, दोन्ही पाय टेकावेत, खुशाल झेलावं. म्हणजे जमिनीवर खाल्लेला असा धक्का माफ आणि हवेत खाल्लेला नामंजूर! त्यावर कडी म्हणजे, चेंडू धरलेल्या गड्याला पाय टेकण्याआधी कोणी अधांतरी उचलून बाहेर नेलं, तर झेल मंजूर. ढकलला तर बाहेर, उचलला तर आत. आमच्याकडे असं परिपत्रक आलं असतं तर दुपारपर्यंत खुलासा मागवला गेला असता.

"पण दोन हातांनी कवळून, अर्धवट उचलून, अर्धवट ढकलत नेला तर?" मी भाच्याला विचारलं.

"ते पंच ठरवतात."

"म्हणजे फिरून त्यांच्या मनावरच आलं?"

"हो मामा. आणि पाय खाली घे. टीपॉय काचेचा आहे."