दिसलेले आणि जाणलेले

तैलरंगात शहराचे इम्प्रेशनिस्ट, म्हणजेच दृक्प्रत्ययवादी, चित्र रंगवावयास शिकणे म्हणजे कुंचल्याचे तुटक फटकारे मारावयास शिकणे, असा एक सोयीचा समज रूढ आहे. परंतु फटकाऱ्याचे अनुकरण करता येते. तो ज्या पाहण्यातून निघाला, त्या पाहण्याचे करता येत नाही. या शिक्षणातील खरी अडचण हाताची नाही, ज्ञानाची आहे.

१८७४ साली पॅरिसमध्ये भरलेल्या या चित्रकारांच्या पहिल्या प्रदर्शनात क्लोद मोने यांचे ‘बुलव्हार दे कापुसीन’ हे चित्र होते. उंचावरून दिसणारी रस्त्यावरील गर्दी त्यांनी केवळ गडद डागांनी सूचित केली होती. लुई लरूआ या टीकाकाराने त्या डागांची यथेच्छ टर उडविली. रस्त्याने चालताना माणूस असा दिसतो काय, असा त्याच्या उपहासलेखाचा रोख होता. गंमत ही, की त्याचे निरीक्षण अचूक होते. चुकला तो निर्णय. त्या उंचीवरून चालता माणूस डागच दिसतो. त्याला हातपाय आहेत हे दिसत नसते, ठाऊक असते. नवशिक्याचा कुंचला जे ठाऊक आहे ते रंगवू पाहतो आणि तेथेच चित्र मरते.

हे विस्मरण एकदा साधले म्हणजे कायमचे साधले, असेही नाही. कामीय पिसारो यांची साक्ष याबाबत मोलाची आहे. या गटाच्या आठही प्रदर्शनांत भाग घेणारे ते एकमेव चित्रकार. तरीही पन्नाशी उलटल्यावर त्यांनी आपल्याहून एकोणतीस वर्षांनी लहान असलेल्या सरा यांची बिंदुपद्धती शिकून घेतली आणि ती क्षणिक संवेदनेला जखडते असे जाणवताच सोडूनही दिली. १८९७ साली, नेत्रविकारामुळे उघड्यावर काम करणे कठीण झाले असता, त्यांनी हॉटेलच्या खिडकीतून एकाच बुलव्हार मोंमार्त्रची १४ चित्रे रंगविली. घरांच्या रांगा त्याच, झाडेही तीच. बदलतो तो प्रकाश. रात्रीचे चित्र त्यांत एकच. ते आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यावर सही नाही, आणि पिसारोंच्या हयातीत ते प्रदर्शितही झाले नाही. सहासष्ट वर्षांचा हा अधिकारी पुरुष तेथे पुन्हा विद्यार्थी झालेला दिसतो.

अशा चित्रांत आकार विरघळतो, हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. परंतु पिसारोंचा मार्ग पाहावा: एकेक वस्तू पुरी न करता आकाश, भिंती, रस्ता यांच्या छटा सर्व पटावर एकदमच मांडीत जावयाचे. तैलरंग लवकर वाळत नाही. ओल्यावर ओला रंग चढविता येतो, पण हात रेंगाळला की त्याचा चिखल होतो. म्हणून प्रत्येक स्पर्श आधी ठरलेला हवा. आकार येथे नाहीसा होत नाही. तो रेषेऐवजी छटांच्या परस्परसंबंधांत वास करतो.

साहित्यिकालाही यात विचार करण्याजोगे काही आहे. चित्रकाराला नाव विसरता येते. लेखकाचे साधनच नाव आहे. ‘गर्दी’ हा शब्द लिहिताच गर्दी ओळखीची होते, आणि ओळख पटताच पाहणे थांबते. शब्द न टाकता ती ओळख लांबविणे, हे लेखकाचे काम चित्रकाराच्या कामाहून अधिक अवघड आहे.