पाचशे पौंड गवत

नाशिकहून पेठ-हरसूलच्या वाटेला लागलं की वारल्यांचे पाडे दिसू लागतात. डोंगर उतरून गेलं की जव्हार, डहाणू, तलासरी. तिथल्या वारल्यांच्या उठावाच्या नेत्या म्हणून गोदावरी परुळेकरांना आपण एका ओळीत नमस्कार करतो आणि पुढे जातो. त्यांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे 1970 सालचं पुस्तकही चळवळीच्या कपाटात ठेवून देतो. माझ्या मते वारल्यांवर मराठीत लिहिलेला तो मानववंशशास्त्राचा अव्वल ग्रंथ आहे, जरी बाईंनी त्या शास्त्राची पदवी कधी घेतली नव्हती.

पदवी होती ती कायद्याची. 1907 साली पुण्याच्या गोखल्यांच्या घरात जन्म, कायद्याची पदवी मिळवणारी महाराष्ट्रातली पहिली स्त्री, भारत सेवक समाजाची पहिली स्त्री आजीव सदस्य. पुस्तकाच्या गद्यात हा कायदा मुरलेला दिसतो. बाई आधी पुरावा मांडतात, संताप मागून येतो. कुणाला कशासाठी राबवलं, त्याबद्दल काय दिलं, नाही म्हटल्यावर काय केलं, हे त्या साक्ष नोंदवावी तसं लिहितात. विशेषणं फार थोडी. वाचकाच्या अंगावर काटा येतो तो या कोरडेपणामुळे.

वारली लग्नाचंच पाहा. अभ्यासकांना तिथे भिंतीवरचा चौक दिसतो, तो लिहिणाऱ्या सवाशिणी दिसतात, लग्न लावणारी धवलेरी दिसते. सगळं खरं आणि सुंदर. गोदावरीबाईंना त्याच मांडवात कर्जाचा पहिला रुपया दिसतो. लग्नासाठी जमीनदाराकडून उचल घेणारा तरुण ‘लग्नगडी’ होतो, त्याच्याबरोबर त्याची नवी नवरीही राबू लागते, आणि ते कर्ज फिटणार नाही अशीच व्यवस्था असते. के. जे. सावे यांचा वारल्यांवरचा इंग्रजी ग्रंथ आला 1945 साली. झरीची परिषदही त्याच वर्षीची. त्या मे महिन्यात उंबरगाव तालुक्यातल्या या गावी हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असं त्यांनी ठरवलं. तोवर एका जमातीचे देव आणि रूढी नोंदवून झाल्या होत्या. तिच्या दिवसभराच्या श्रमांचा हिशेब मात्र कुणी तरी मांडायचा राहिला होता.

तो हिशेब हाच या पुस्तकाचा रस आहे, असं मी म्हणेन. पाचशे पौंड गवत कापलं तर अडीच रुपये, जंगलकामाला दिवसाला सव्वा रुपया. कागदावर ही वारल्यांची रुक्ष मागणी. पण आधीची पानं वाचून इथवर आलेल्याला कळतं, की ज्यांना वजनकाट्यावर काय चाललंय हे विचारायची सोय नव्हती, ती माणसं आता दर सांगताहेत. जमीनदारासमोर मान वर करण्याचं धैर्य बाईंनी या आकड्यांतून दाखवलं आहे. तिथे भाषणापेक्षा दर अधिक बोलतो. कादंबरीकारालाही हेवा वाटावा अशी ही जागा आहे.

तलवाड्याचा प्रसंग सर्वांत जड. ऑक्टोबर 1945मध्ये अफवा पसरवली गेली, की बाईंच्या जिवाला धोका आहे. त्यांना वाचवायला हजारो वारली रात्रीतून जमले. बाई तिथे नव्हत्याच. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्यांचे चार साथी मारले गेले. ज्यांच्या आयुष्याचा अभ्यास करायचा, तेच आपल्यासाठी मरण पत्करतात, तेव्हा निरीक्षकाला अलिप्ततेची जागा उरत नाही. म्हणून या पुस्तकातला ‘मी’ कधी नायिकेच्या तोऱ्यात येत नाही, आणि पडद्याआड लपतही नाही. तो तोल मराठी आत्मकथनांत मला क्वचितच भेटला.

1972 साली या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण पुस्तकातला प्रश्न तिथे संपला नाही. मार्च 2018मध्ये सुरगाणा-पेठकडचे आदिवासी वनपट्ट्यांसाठी नाशिकहून मुंबईला चालत निघाले, तो मोर्चा किसान सभेचा. गोदावरीबाई ज्या संघटनेत वाढल्या, तिचाच. त्या आठवड्यात पायांच्या फोडांची छायाचित्रं खूप छापली गेली. त्यांच्या पोटात काय होतं, त्यांच्या जमिनीचा दावा कुठल्या टेबलावर अडला होता, किती वर्षं, हे फार थोड्यांनी विचारलं. गोदावरीबाईंनी आधी तेच विचारलं असतं. मानववंशशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या हाती सावे द्यावेतच, पण त्याच आठवड्यात हे पुस्तकही द्यावं, आणि लग्नाचं प्रकरण दोन्हीकडे शेजारी शेजारी ठेवून वाचायला सांगावं.