संदर्भ हवा : मुक्त विश्वकोशाची पत कशी वाढेल?



'विकिपीडियावर कोणीही काहीही लिहितं, मग त्यावर विश्वास कसा ठेवायचा?' हा प्रश्न गेली वीस वर्षं विचारला जातोय. गंमत अशी की, विचारणारे आपण सगळेच काही शोधायचं झालं की आधी तिथेच जातो. तेव्हा तो चांगला की वाईट, या वादात आम्ही आज शिरणार नाही. त्याची, विशेषतः मराठी विकिपीडियाची, विश्वासार्हता कशी वाढेल, एवढंच पाहू.

कोशवाङ्मयाची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ज्ञानकोश आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला उभा केलेला मराठी विश्वकोश आहे. विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचं नाव असतं. चूक आढळली तर जाब कुणाला विचारायचा, हे ठाऊक असतं. २००१ साली सुरू झालेल्या विकिपीडियाने ही पद्धतच बदलली. लिहिणारा प्राध्यापक असो की शाळकरी मुलगा, त्याने आधार दाखवावा, म्हणजे झालं. तत्त्व म्हणून हे आम्हाला मान्य आहे. पण तत्त्व पाळलं जातंय का, हे कुणीतरी तपासावं लागतं, आणि खरी अडचण तिथेच आहे.

विकिपीडियाचे समर्थक एक दाखला नेहमी देतात. २००५ साली 'नेचर' या नियतकालिकाने विज्ञानविषयक ४२ नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या. विकिपीडियात नोंदीमागे सरासरी चार चुका निघाल्या, ब्रिटानिकात तीन. ब्रिटानिकाने त्या तपासणीवर आक्षेप घेतला, तो भाग वेगळा. पण ही तपासणी होती इंग्रजी विकिपीडियाची, आणि तीही फक्त विज्ञानाची. तिथे हजारो लोक पाळतीवर असतात. ते प्रशस्तिपत्र मराठीच्या पदरात कसं टाकता येईल?

माणसं कमी असली की काय होतं, याची दोन उदाहरणं बघा. स्कॉटलंडमधल्या स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावर हजारो लेख एकाच अमेरिकन मुलाने लिहिले होते. त्याला ती भाषा धड येत नव्हती. हे २०२० साली उघड झालं, तोवर वर्षं उलटली होती. क्रोएशियन विकिपीडिया तर जवळपास दशकभर एका अतिउजव्या गटाच्या हातात होता. प्रचालकच त्या गटाचे, मग तक्रार करायची कुणाकडे? पहिल्या ठिकाणी हेतू वाईट नव्हता, दुसऱ्या ठिकाणी होता. दोन्हीकडे उणीव एकच होती : पाहणारी माणसं नव्हती.

मराठी विकिपीडिया २००३ सालचा. लेखांची संख्या लाखाच्या घरात गेली, याचा आपल्याला अभिमान वाटतो. पण त्यातले कितीतरी लेख दोन-चार ओळींचे आहेत, आणि नियमित लिहिणारे, तपासणारे लोक त्या मानाने फारच थोडे. कार्यशाळा भरतात, तिथे 'आज इतके नवे लेख झाले' असं जाहीर होतं, टाळ्या पडतात. किती जुने लेख तपासले, हे कुणी विचारत नाही. आमची मुख्य तक्रार हीच आहे. पीक मोजतो, पण निंदणी करत नाही.

आता कुणी म्हणेल, संदर्भ दिले की झालं. तेवढ्याने भागत नाही. २००९ साली जर्मनीत गुटेनबर्ग नावाचे नवे मंत्री आले. त्यांच्या लांबलचक नावात कुणीतरी विकिपीडियावर 'विल्हेल्म' हे एक खोटं नाव घुसडलं. वर्तमानपत्रांनी ते उचलून छापलं. मग विकिपीडियावर शंका निघाली, तेव्हा त्याच बातम्या पुरावा म्हणून दाखवल्या गेल्या. आपल्याकडे गावांचे, किल्ल्यांचे, संतांचे लेख वाचताना हे ध्यानात ठेवायला हवं. बातमी विकीवरून आणि विकी बातमीवरून, असं चक्र कुठेही सुरू होऊ शकतं.

मग करायचं काय? संपादन बंद करून कुलूप लावा, असं काही जण सुचवतात. जर्मन विकिपीडियात २००८ पासून नवख्यांचे बदल तपासल्यावरच वाचकांना दिसतात. पण तपासायला तिथे मनुष्यबळ आहे. मराठीत सरसकट तसं केलं, तर बदल नुसते साचत राहतील. हयात व्यक्ती, जाती, निवडणुका अशा नाजूक पानांपुरता तो उपाय ठेवावा, असं आम्हाला वाटतं.

खरा उपाय कष्टाचा आहे. लेखांत जागोजागी 'संदर्भ हवा' अशी खूण दिसते. महाविद्यालयांनी मुलांना नवा लेख लिहायला सांगण्याऐवजी अशी एक खूण द्यावी. मुलाने ग्रंथालयात जावं, पुस्तक काढावं, पृष्ठक्रमांकासकट संदर्भ जोडावा. आधार सापडला नाही, तर चर्चापानावर तसं लिहून ते वाक्य काढावं. मराठीतलं कितीतरी ज्ञान अजून छापील पुस्तकांत, गॅझेटिअरांत पडून आहे, नेटवर नाही. ते इथे आणण्याचं काम गावोगावच्या वाचनालयांइतकं दुसरं कोण करू शकेल? आणि वाचक म्हणून आपणही लेखाचा 'इतिहास' आणि 'चर्चा' उघडून पाहायची सवय लावून घेऊ. कुणी, कधी, काय बदललं, ते सगळं तिथे उघडं आहे. छापील कोशात ही सोय कधीच नव्हती.

हे तातडीचं आहे, कारण इंग्रजीत एखादं पान चुकलं तर दुसरी दहा पानं ताडून बघता येतात. मराठीत पुष्कळ विषयांवर नेटवर तेवढं एकच पान असतं. तालुक्याच्या गावातली मुलगी प्रकल्पासाठी तेच उतरवून घेते, आणि आता यंत्रंही तेच वाचून उत्तरं देऊ लागली आहेत. तिथली चूक ही मग साधी चूक राहत नाही, माहिती म्हणून पक्की होऊन बसते.

आम्ही इथेच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, आणि आमच्या विधानांनाही 'संदर्भ हवा' असं बेलाशक म्हणा.