जित्याची खोड

इंग्रज माणूस बिअर कोमट का पितो? कारण त्याच्या घरातला फ्रीज लुकासने बनवलेला असतो.

जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या दुनियेत शिरलात की पहिल्याच आठवड्यात हा विनोद कानावर पडतो. लुकास ही बर्मिंगहॅमची कंपनी. दिवे, डायनामो, स्विच, वायपरची मोटर, गाडीतलं विजेचं बहुतेक सामान तीच पुरवायची. धंद्याची सुरुवात दिव्यांपासून झाली आणि चाहत्यांनी पुढे तिचं नाव ठेवलं ‘अंधाराचा राजपुत्र’. दिव्याखाली अंधार ही आपली म्हण कुणी लुकाससाठीच करून ठेवली असावी.

या विनोदामागे एक ठराविक समीकरण असतं. ब्रिटिश गाडीला कॅरेक्टर असतं, जर्मन गाडीवर भरवसा ठेवता येतो. पहिलीवर प्रेम करायचं, दुसरीने ऑफिसला जायचं. यूट्यूबवरच्या प्रत्येक तुलनेत, प्रत्येक मोटार-मासिकात हे वाक्य या ना त्या रूपात असतंच. मला ते आळशी वाटतं, आणि थोडं अन्यायकारकही. चाळीस वर्षांच्या गाडीबद्दल बोलताना तर या दोन्ही शब्दांचे अर्थच बदललेले असतात आणि त्याकडे कुणी बघत नाही.

आधी भरवशाचं बघू. इंजिनिअरिंगला ‘बाथटब कर्व्ह’ शिकवतात. वस्तू नवी असताना बिघाड जास्त, मग बरीच वर्षं शांतता, मग म्हातारपणी बिघाड पुन्हा वाढतात. आलेख आंघोळीच्या टबासारखा दिसतो, म्हणून हे नाव. आम्ही सॉफ्टवेअरवाले त्यात आणखी एक आकडा बघतो: सिस्टिम किती वेळा पडते हे तर बघतोच, पण पडल्यावर उभी करायला किती वेळ लागतो हेही बघतो. पाच वर्षांच्या गाडीला पहिला आकडा पुरतो. चाळीस वर्षांची गाडी मात्र बिघडणारच आहे. तिथे खरा प्रश्न दुसऱ्या आकड्याचा.

एमजीबी घ्या. १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनमध्ये बनलेली, पाच लाखांहून अधिक खपलेली दोन दारांची स्पोर्ट्‌सकार. तिचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसीच्या ‘बी-सिरीज’ घराण्यातलं. याच घराण्यातलं १४८९ सीसीचं धाकटं भावंड आपल्या अ‍ॅम्बॅसडरमध्ये होतं. म्हणजे ज्या इंजिनाला अमेरिकेतले लोक वीकएंडचं खेळणं समजून जपतात, त्याचं सख्खं भावंड आपल्याकडे टॅक्सी म्हणून आणि सरकारी गाडी म्हणून राबलं. तिकडे त्याला ‘कॅरेक्टर’ म्हणतात, इकडे ‘अ‍ॅम्बी कुठंही दुरुस्त होते’ असं म्हणायचे. वाक्यं वेगळी, गुण तोच.

एमजीबीचा पेट्रोलपंप विजेवर चालणारा, एसयू कंपनीचा. चावी फिरवली की मागून टिक-टिक ऐकू येते. टिक-टिक थांबली की पंपाचे पॉइंट्स चिकटलेत. उपाय: खाली उतरून पंपाला पान्याने हलकेच ठोकायचं. गाडी पुन्हा सुरू. बिघाड लाजिरवाणा आहे, पण तो आवाजाने आपला पत्ता सांगतो आणि पाच मिनिटांत सुटतो.

ज्या लुकासची एवढी टिंगल होते, त्यांच्या वायरिंगचे रंगसुद्धा ठरलेले होते. तपकिरी म्हणजे थेट बॅटरीवरून, पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर, हिरवी म्हणजे चावीनंतर फ्यूजमधून, जांभळी म्हणजे फ्यूजमधून पण कायम चालू, काळी म्हणजे अर्थ. एमजी असो, ट्रायम्फ असो की जॅग्वार, भाषा एकच. दुसऱ्याने लिहिलेला, कॉमेंट नसलेला कोड रात्री दोन वाजता वाचायची वेळ ज्याच्यावर आली आहे, त्याला या रंगांची किंमत सांगावी लागणार नाही. लुकासची रड बरीचशी जोडण्यांची आहे. पितळी टोकं हवेने-पाण्याने काळवंडतात, अर्थचा संपर्क सुटतो, दिवे मिणमिणतात. सँडपेपर आणि एक दुपार, एवढंच भांडवल पुरतं.

आता मर्सिडीजची डब्ल्यू१२३. १९७६ ते १९८६, सुमारे २७ लाख गाड्या. हिच्याबद्दल जे ऐकलं असेल ते बहुतेक खरं आहे. तिच्या डिझेल इंजिनात इंधनाचं सगळं गणित यांत्रिक पंप करतो, एकदा सुरू झालं की चालू राहायला त्याला विजेची गरज नाही. मोरोक्कोत गावोगावी धावणाऱ्या ‘ग्रँड टॅक्सी’ कित्येक वर्षं याच जातीच्या होत्या. सहा-सहा प्रवासी कोंबून रोजचं पोट त्यावर चालवणाऱ्या माणसाने ती निवडली, यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र कुठलं मासिक देणार?

पण या गाडीचीही एक खोड आहे. तिची दारं एकदम लॉक करायची यंत्रणा निर्वात दाबावर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालते. डिझेल इंजिन बंद करायची यंत्रणाही त्याच व्हॅक्यूमवर. वयोमानाने दारातली एखादी रबरी नळी तडकली की चावी काढून घेतली तरी इंजिन चालूच राहतं. मग बॉनेट उघडून पंपावरचा ‘स्टॉप’ लिहिलेला खटका हाताने दाबायचा. दाराचा आजार आणि इंजिनाला झोप नाही! हीच गोष्ट जॅग्वारमध्ये झाली असती तर तिच्यावर डझनभर विनोद झाले असते. मर्सिडीजच्या बाबतीत तिची नोंद ‘व्हॅक्यूम लीक’ अशी कोरडी होते. कॅरेक्टर म्हणजे काय, हे आपण गाडी बघून ठरवत नाही. बॉनेटवरचा बिल्ला बघून ठरवतो.

त्यानंतरची जर्मन गाडी वेगळ्या दिशेने म्हातारी झाली. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या कित्येक मर्सिडीजमध्ये इंजिनाजवळच्या वायरींचं आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन हातात चुरा व्हायचं. बीएमडब्ल्यूच्या तेव्हाच्या थ्री-सिरीजमध्ये कूलंटची प्लॅस्टिकची टाकी एके दिवशी, फारशी पूर्वसूचना न देता फुटते. २००७मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यूच्या एन४७ डिझेलमध्ये टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे बसवली होती. ती चेन कुरकुरायला लागली की शंभर रुपयांच्या रोगाला लाखाचं ऑपरेशन. आणि २००२च्या ई-क्लासमध्ये ब्रेकची जी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली, एसबीसी नावाची, तिच्या आत एक काउंटर होता. ब्रेक किती वेळा दाबले ते मोजायचं आणि आकडा भरला की नवा युनिट मागायचा. २००४मध्ये कंपनीला त्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या, २००६मध्ये ई-क्लासमधून ती यंत्रणाच काढली गेली. पंपाला पान्याने ठोकता येतं, काउंटरला कसं ठोकणार?

याचा अर्थ ब्रिटिश गाड्या थोर होत्या असा नाही. ‘कॅरेक्टर’ या शब्दाचा मला सगळ्यात जास्त राग येतो तो ट्रायम्फ स्टॅगच्या बाबतीत. १९७०मध्ये आलेली, चार माणसांची, उघड्या टपाची, दिसायला देखणी गाडी. तिच्यासाठी ट्रायम्फने स्वतःचं तीन लिटरचं व्ही-एट इंजिन बनवलं. १९६८च्या विलीनीकरणानंतर त्याच कंपनीच्या छत्राखाली रोव्हरचं साडेतीन लिटरचं, चांगलं सिद्ध झालेलं व्ही-एट होतं, तरीही. पाण्याचा पंप इतक्या उंचावर बसवलेला की कूलंट जरा कमी झालं की तो कोरडाच फिरायचा. ओतकामातली रेती पाण्याच्या वाटांमध्ये तशीच राहिलेली असायची. इंजिनं तापली, हेड वाकली, गिऱ्हाईक पळालं. जेमतेम २६ हजार गाड्या बनवून १९७७मध्ये सगळं आटोपलं. दोन वर्षं आधी ब्रिटिश लेलँड बुडायला येऊन सरकारच्या मालकीची झालेली होती.

ज्या माणसाने १९७२मध्ये साठवलेले पैसे घालून नवी स्टॅग घेतली आणि जो हायवेच्या कडेला वाफ बघत उभा राहिला, त्याच्यासाठी ते कॅरेक्टर नव्हतं, फसवणूक होती. आज स्टॅगचे मालक मोठा रेडिएटर बसवतात, चेन वेळेवर बदलतात, आणि ब्रिटनमध्ये हजारो स्टॅग व्यवस्थित धावतात. कारखान्यात जे काम अर्धवट राहिलं ते हौशी लोकांनी पन्नास वर्षांत स्वतःच्या खर्चाने पूर्ण केलं. त्यांच्या मेहनतीचं श्रेय ‘ब्रिटिश गाडीचं कॅरेक्टर’ या गोड शब्दाने परत कंपनीच्या खात्यात जमा होतं. शिवाय हा शब्द वापरणाऱ्याच्या दारात बहुधा दुसरी एक गाडी उभी असते, रोजच्या वापराची. मोरोक्कोतल्या टॅक्सीवाल्याला कॅरेक्टर परवडत नाही. टीव्हीवरच्या इन्स्पेक्टर मोर्सला परवडतं. त्याच्या लालसर जॅग्वार मार्क टूशिवाय तो अर्धाही उरत नाही, पण ती बंद पडली तरी पुढच्या दृश्यात ती पुन्हा सुरू असणार हे पटकथेत ठरलेलं असतं.

राष्ट्रीय स्वभावाची थिअरी तर इतिहासासमोर टिकतच नाही. बीएमडब्ल्यूने १९२८मध्ये मोटारींच्या धंद्यात पाऊल टाकलं ते आयझनाखचा कारखाना घेऊन. तिथे बनणारी डिक्सी ही परवान्यावर बनवलेली ब्रिटिश ऑस्टिन सेव्हन होती. युद्धानंतर उलट झालं, ब्रिटनच्या ब्रिस्टल ४००मध्ये बीएमडब्ल्यू ३२८वरून घेतलेलं इंजिन आलं. आणि १९४५मध्ये वोल्फ्सबुर्गचा पडका फोक्सवॅगन कारखाना पुन्हा सुरू केला तो आयव्हन हर्स्ट नावाच्या ब्रिटिश मेजरने. ब्रिटिश कंपन्यांनी बीटल नाकारली. नंतर तिच्या दोन कोटींहून अधिक गाड्या झाल्या, शेवटची २००३मध्ये मेक्सिकोत.

चुकासुद्धा दोघांनी सारख्याच केल्या. बीएमडब्ल्यूच्या १९९२च्या एम६० इंजिनात आणि जॅग्वारच्या १९९६च्या व्ही-एटमध्ये सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर निकासिल नावाचा एकच लेप होता. तेव्हाच्या पेट्रोलमधल्या गंधकाने तो दोन्हीकडे खाल्ला. एक म्युनिकचं, एक कोव्हेंट्रीचं, आजार एकच.

आता २००१ची रेंज रोव्हर, एल३२२. तिचं काम बीएमडब्ल्यूच्या पैशाने आणि देखरेखीखाली झालं, बाजारात आली तोवर कंपनी फोर्डकडे गेली होती. आत बीएमडब्ल्यूचं ४.४ लिटरचं व्ही-एट आणि बरंचसं बीएमडब्ल्यूचंच इलेक्ट्रॉनिक्स. २००५पासून तिला जॅग्वारची इंजिनं मिळाली, २००८मध्ये सगळी कंपनीच टाटांनी घेतली. या गाड्या आता वीस-पंचवीस वर्षांच्या होत आहेत. ब्रिटिश एमजीबीला अजूनही मूळ साच्यातून काढलेली कोरी बॉडी विकत मिळते, हिच्या एखाद्या कंट्रोल युनिटसाठी मात्र भंगारातल्या दुसऱ्या गाडीची वाट बघावी लागते. हिचं बिघडलं तर तो लुकासचा विनोद सांगायचा की म्युनिकला पत्र लिहायचं, हे मालकाने ठरवावं.